काटासाहेबांचा दीड तारा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव खाली पत्रपेटीवर आहे, पण ते वाचायची वेळ फक्त टपाल आणणाऱ्यावर येते. बाकी सगळे त्यांना काटासाहेब म्हणतात. ते वजनमाप खात्यात निरीक्षक आहेत. दुकानोदुकानी फिरून तराजू तपासायचे, बरोबर भरले तर शिक्का मारायचा आणि नाही भरले तर दुकानदाराकडे चष्म्याच्या वरून अशा नजरेने बघायचं की त्याने स्वतःच तराजू उचलून दुरुस्तीला न्यावा, ही त्यांची उभ्या जन्माची नोकरी. बरोबर एक लाकडी पेटी असते. तिच्यात मखमलीच्या खाचांत पितळी वजनं बसवलेली. ती ते बोटांनी उचलत नाहीत, चिमट्याने उचलतात, कारण हाताचा घाम लागला तर वजनात फरक पडतो. माणूस इतका सरळ की ज्या दुकानात तपासणी तिथलं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. अडचण एकच होती. संध्याकाळी पेटी बंद व्हायची, तपासणी बंद व्हायची नाही.

घरी आल्यावर चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणत, "साखर अर्धा चमचा पुढे गेलीय."

त्यांची बायको रुग्णालयात परिचारिका. दिवसभर खरोखरच्या दुखण्यांशी गाठ पडलेली बाई. ती म्हणे, "उद्या मागे आणते," आणि पाय वर घेऊन पेपर उघडे. त्या घरातलं सगळं स्वास्थ्य या एका वाक्यावर उभं होतं.

पुढे मुलीने त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि त्यात त्यांना ताऱ्यांचा शोध लागला. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर आपलं मत लिहायचं आणि खाली एक ते पाच तारे द्यायचे. आपण इतकी वर्षं ज्याची वाट बघत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं असणार. कुकरच्या शिट्टीपासून डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. भाषा मात्र खात्याचीच राहिली. ‘उपरोक्त दवाखान्यातील खुर्च्या तपासल्या असता दाराजवळील खुर्ची डुगडुगत असल्याचे निदर्शनास आले. सबब तीन तारे.’ सख्ख्या काकांच्या अंत्यविधीहून आले, आंघोळ केली आणि लिहिलं, ‘व्यवस्था शांत व नेटकी. तथापि वाहने लावण्यास जागा अपुरी. पुन्हा येण्याचा योग आल्यास सुधारणा अपेक्षित. चार तारे.’

फोनमध्ये अर्धा तारा देण्याची सोय नव्हती, हे त्यांचं मोठं दुःख. मग ते एक तारा दाबून खाली लिहीत, ‘अर्धा वेगळा समजावा.’

अशा माणसाला त्यांच्या मेहुण्याने सिनेमाला नेलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं पडद्यांचं दुकान आहे. खिडक्यांचे पडदे, कांबी, कड्या, सोफ्याची कव्हरं. माणूस हळवा. सिमेंटच्या जाहिरातीत म्हातारा बाप नव्या भिंतीवरून हात फिरवतो, तेवढ्यावर याचा रुमाल निघायचा. त्या दिवसांत ‘खिंडीतला पहारेकरी’ नावाचा सिनेमा लागला होता. जुन्या काळची राज्यं, डोंगर, बर्फ, हजारो घोडे आणि हवेत उडून मारामारी करणारी माणसं. एका म्हाताऱ्या तलवारबाजाने शपथ घेतलेली असते की पुन्हा तलवार म्यानातून काढणार नाही. पुढे राजाच्या तान्ह्या मुलीला डोंगरापलीकडे पोहोचवायचं असतं आणि मागून सगळं सैन्य येत असतं. म्हातारा खिंडीत उभा राहतो. त्याच्या जोडीला त्याची शिष्या, जी छत्रीने लढते. मेहुण्याने तो आधीच एकदा पाहिला होता आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता अर्धी गोष्ट सांगून झाली होती. आता त्याला ताईला आणि भाऊजींना दाखवल्याशिवाय चैन पडेना.

दुपारच्या खेळाला तिघं गेले. मधल्या खुर्चीत बायको, मांडीवर पॉपकॉर्न. डावीकडे तिचा भाऊ, जो पहिल्या घोड्यालाच नाक ओढायला लागला. उजवीकडे नवरा, जो पहिल्या तलवारीलाच पुढे झुकला.

"ही तलवार बघितलीस?" काटासाहेब कुजबुजले. "एवढ्या लांबीचं पोलाद. एका हाताने फिरवतोय, जशी काय केरसुणी."

"हं," बायको म्हणाली.

"आणि बर्फ वितळत कसा नाही? शेजारी एवढी आग लागलीय."

"पॉपकॉर्न घ्या."

सिनेमा लांबलचक होता आणि मध्यंतरात काटासाहेबांनी मोठा पेला भरून सरबत घेतलं होतं. व्हायचं तेच झालं. म्हातारा पहारेकरी पुलाच्या तोंडाशी उभा राहिला, वाऱ्याने त्याची दाढी हलायला लागली, वाद्यं थांबली, सगळं थिएटर श्वास रोखून बसलं आणि काटासाहेब रांगेतल्या प्रत्येकाच्या पायावर पाय देत बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हाताऱ्याच्या हातात उपसलेली तलवार होती आणि डाव्या हाताला मेहुणा हुंदके देत होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

बायकोने फक्त हात हलवला. त्याचा अर्थ ‘नंतर’ असा होता. त्यांनी तो ‘काही विशेष नाही’ असा घेतला.

घरी आल्याबरोबर त्यांनी मत लिहायला घेतलं. ते इतकं लांब झालं की जेवण दोनदा गरम करावं लागलं. त्याचा गाभा असा होता: ‘सदर चित्रपटातील शस्त्रे हाताळताना वजनाचा कोणताही विचार केलेला दिसत नाही. बाण लागलेला इसम बाणासह दीर्घ भाषण करतो. सर्वात गंभीर बाब अशी की, तलवार न उपसण्याची शपथ घेतलेला नायक ती शपथ काहीही कारण नसताना मोडतो. शब्दाला वजन नसलेल्या इसमास नायक म्हणता येणार नाही. सबब दीड तारा. अर्धा वेगळा समजावा.’

एरवी काटासाहेबांची मतं कोणी वाचत नसे. कुकरच्या शिट्टीवर भांडायला कोणाला वेळ आहे? पण या सिनेमाने लोकांना वेड लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते कामावर जायला निघाले तेव्हा खिशात फोन सारखा थरथरत होता, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो उघडला तेव्हा खाली माणसांची जत्रा भरली होती.

मला त्यांनी ती सगळी मतं दाखवली, म्हणून सांगतो. माणूस सिनेमा बघून काय काय बोलू शकतो याची मला तोवर कल्पना नव्हती. एकाने लिहिलं होतं की घोडे चुकीच्या जातीचे आहेत. दुसऱ्याने त्याला विचारलं की तुमची जात बरोबर आहे का, आणि तिथून पुढे दोघांचा सिनेमाशी संबंध संपला. एका बाईंनी पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘मुलासोबत बघण्यासारखा. मुलगा पूर्ण वेळ शांत झोपला.’ एकाने एक तारा दिला होता कारण त्याच्या पुढच्या खुर्चीत उंच माणूस बसला होता. एका गृहस्थांना सिनेमा मुळीच पटला नव्हता आणि पटायला नको म्हणूनच त्यांनी तो पाहिलाही नव्हता. आपण सिनेमा न पाहता बोलतो म्हणून आपलं मत निःपक्षपाती आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्याला पुष्कळ जणांनी दुजोरा दिला होता.

या सगळ्यांत काटासाहेबांच्या मताला एकदम भाव आला. ज्यांना सिनेमा आवडला नव्हता पण का आवडला नाही ते सांगता येत नव्हतं, त्यांना आयती कारणं मिळाली. ‘वजनाचा विचार नाही’ हे तर जो तो म्हणायला लागला. सिनेमाच्या चाहत्यांनी त्यांना वाटेल ते म्हटलं, त्यातले निम्मे शब्द त्यांना मुलीकडून समजावून घ्यावे लागले आणि उरलेले निम्मे मुलीने समजावले नाहीत. पण चेहऱ्यावर तेज आलं. जिना चढताना धाप लागायची ती लागेनाशी झाली. मला पायऱ्यांवर गाठून म्हणाले, "लोकांना कोणीतरी स्पष्ट सांगणारा हवा असतो हो. आत्तापर्यंत कोणी नव्हतंच."

तेवढ्यात तळाशी एक नवं मत आलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव ‘खिंडीचा शिपाई’ असं ठेवलं होतं. त्याने लिहिलं, ‘नायक शपथ का मोडतो हे ज्यांना कळलं नाही ते त्या वेळी कुठे होते, हे त्यांनी सांगावं. सरबत जपून प्यावं.’

काटासाहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. सरबताची गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. त्यांतली एक त्या वेळी समोर बसून भाजी निवडत होती आणि तिला फोनवर लिहिण्याचा भयंकर कंटाळा होता.

"तुझ्या भावाने माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीय," ते म्हणाले.

"काय केलं त्याने?"

त्यांनी वाचून दाखवलं. बायको हसली नाही, पण हसू दाबताना माणसाचे खांदे हलतात तेवढे हलले.

"मग खरंच आहे ना," ती म्हणाली. "गेला होतात की."

"प्रश्न तो नाही."

"प्रश्न तोच आहे. ती पुलावरची—"

"सांगू नकोस," काटासाहेब म्हणाले. "आता सांगून उपयोग नाही. मत देऊन झालंय."

ती परत भाजीकडे वळली.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा वाढदिवस होता. सासूबाई मुलाकडे, म्हणजे पडदेवाल्याकडे राहतात. ऐंशीच्या पुढे गेलेल्या, कानाने थोड्या कमी, बाकी खणखणीत. घरातल्या घरात केक कापायचा, चार माणसं जेवायची, एवढाच बेत होता. सासूबाईंच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि दुपारी ऊन थेट उशीवर येतं, म्हणून मेहुण्याने आईला भेट म्हणून जाड कापडाचा नवा पडदा शिवला होता. तो लावायचा राहिला होता आणि त्याची पितळी कांब बैठकीत भिंतीला टेकवून ठेवली होती. समोरच्या घरातल्या बाईंना फोनवर केक कापण्याचं चित्रण करायला बोलावलं होतं, कारण त्यांचा हात हलत नाही अशी त्यांची ख्याती आहे.

केक कापला. टाळ्या झाल्या. सासूबाईंना पहिला तुकडा दिला. मेहुणा तेवढ्यात म्हणाला, "भाऊजी, तुम्हालाही केक देऊ का, की आधी तपासून घेणार?"

"शिपाईसाहेब देतील तर घेऊ," काटासाहेब म्हणाले.

बायकोने भावाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. शाळेत दोन टोकांना बसवलेली मुलं मधल्या सुट्टीत भेटावीत तसे ते दोघं एकमेकांकडे बघत होते.

"तुम्ही तो प्रसंग पाहिलाच नाहीत," मेहुणा म्हणाला. "न बघता एका थोर माणसाला खोटारडा ठरवलंत. हजारो लोकांनी वाचलं ते."

"थोर माणूस कोण? तो नट? त्याला मानधन मिळालंय."

"पहारेकरी."

"असा कोणी पहारेकरी नव्हता. आणि असता तरी ती तलवार त्याला पेलली नसती."

"पेलली असती," मेहुणा म्हणाला आणि त्याने भिंतीला टेकलेली कांब उचलली. "हे बघा. अशी. खांद्यातून नाही, कमरेतून."

त्याने ती कमरेतून फिरवली. दिव्याच्या झुंबरातला एक लोलक खाली आला. काटासाहेबांना त्यात आपला मुद्दा सिद्ध झालेला दिसला असावा, कारण ते पुढे झाले आणि म्हणाले, "पकड चुकलीय. दे इकडे." मेहुणा देईना. ते सोडेनात. दोघंही कांब धरून खोलीभर फिरू लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की दोघं मिळून काहीतरी जड वस्तू हलवतायत आणि ती कुठे ठेवायची यावर एकमत होत नाहीये. मग कांब सुटली आणि त्यांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. त्यानंतर काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. उभ्या आयुष्यात दोघांनी कोणाच्या अंगावर हात टाकला नव्हता. बराच वेळ ते नुसते कॉलर धरून धापा टाकत उभे राहिले. काटासाहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मेहुण्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटून केकमध्ये पडलं. शेवटी मेहुण्याचा पाय चटईत अडकला आणि दोघं सोफ्यावर आडवे झाले, काटासाहेब वर आणि मेहुण्याचं मनगट खाली.

या सगळ्या वेळात सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसून शांतपणे केक खात होत्या. बटण लागलं तेव्हा त्यांनी ते काढून बशीच्या काठावर ठेवलं आणि पुढे खात राहिल्या.

आणि समोरच्या बाईंचा हात शेवटपर्यंत हलला नाही.

त्यांनी ते चित्रण फक्त आपल्या बहिणीला पाठवलं. बहिणीने फक्त तिच्या भिशीच्या मैत्रिणींना. दोन दिवसांत ते सगळीकडे झालं. कोणीतरी त्याला सिनेमातलं रणवाद्य लावलं, कोणीतरी वर नाव घातलं, ‘सोफ्यावरचा पहारेकरी’. आणि मग लोकांनी त्याच्यावर मतं द्यायला सुरुवात केली.

काटासाहेबांनी एकूणएक मतं वाचली. त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. ‘सुरुवात संथ आहे, पण कांब आल्यावर पकड घेतो.’ ‘मधला कॉलरचा प्रसंग कापायला हवा होता.’ ‘चष्मेवाल्यांचा अभिनय ओढूनताणून वाटतो.’ ‘केक खाणाऱ्या आजी ग्रेट. एकही शब्द न बोलता सगळ्यांना खाऊन टाकलंय.’ ‘हल्ली असंच चालतं. पूर्वीच्या मारामाऱ्यांत जीव असायचा.’ एकाने दोन तारे दिले होते कारण त्याला वाटलं होतं की घोडे असतील.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते एकाने शांतपणे लिहिलेलं लांब मत. त्यात म्हटलं होतं की चष्मेवाला हा यातला खलनायक असून त्याच्या डोळ्यांतली क्रूरता चांगली उतरली आहे.

"क्रूरता," काटासाहेब बायकोला म्हणाले. "माझा चष्मा घसरला होता. मला काही दिसत नव्हतं."

वाढदिवसापासून ती त्यांच्याशी आणि भावाशी, दोघांशीही कामापुरतंच बोलत होती. भावाच्या मनगटाला पट्टी तिनेच बांधली होती आणि लागते त्यापेक्षा घट्ट बांधली होती.

संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली ती थेट वडिलांपुढे फोन धरून उभी राहिली. "बाबा, हे ‘एक तटस्थ प्रेक्षक’ म्हणजे तुम्ही ना?"

"कोण?"

"इथे लिहिलंय. ‘सदर चित्रणातील चष्माधारी गृहस्थ हे स्वभावाने मृदू असल्याचे त्यांच्या उभे राहण्याच्या पद्धतीवरून निदर्शनास येते. सबब त्यांना खलनायक म्हणणे अन्यायाचे ठरेल. पाच तारे.’ बाबा, ‘सबब’ हा शब्द आता जगात फक्त तुम्ही वापरता."

काटासाहेबांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "चारच देणार होतो. पण चारने फरक पडला नसता."

मुलगी हे मला सांगताना हसत होती, पण पुढे म्हणाली की त्या क्षणी तिला वडिलांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं, आणि ती बसली.

कामावर जायचं टाळून किती दिवस टाळणार? पहिल्याच दुकानात वाण्याने त्यांना बघितलं आणि फळीवरचं सामान काढायची लांब आकडी दोन्ही हातांत धरून उभा राहिला. हसला नाही, नुसता उभा राहिला. काटासाहेबांनी पेटी उघडली, चिमट्याने वजन उचललं, पारड्यात ठेवलं. काटा बरोबर मध्ये आला. त्यांनी शिक्का मारला आणि बाहेर पडले. पूर्वी त्यांना बघून दुकानदार गल्ल्यामागे सरळ उभे राहायचे. आता प्रत्येक जण खुशीत दिसत होता. एका मासळीवालीने तर, "बसा साहेब, दमला असाल," असं म्हणून स्टूल पुढे केलं. त्यांना ते सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी वरिष्ठांनी बोलावणं पाठवलं. काटासाहेब आत गेले तेव्हा वरिष्ठ तोंड गंभीर करून बसले होते. दार लावायला सांगितलं. खात्याच्या प्रतिमेविषयी दोन वाक्यं बोलले. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "एक विचारू का? पकड कोणाची चुकली होती?"

"त्याची," काटासाहेब म्हणाले.

"मला तेच वाटलं. पण आमच्या घरी मान्य करत नाहीत."

त्यानंतर वरिष्ठांनी आपलं स्वतःचं सिनेमाविषयीचं मत सांगितलं. ते बरंच चाललं. छत्रीवाल्या शिष्येचं लग्न कोणाशी व्हायला हवं होतं, इथपर्यंत आलं. काटासाहेब मान डोलावत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणाच्या मताचा मनापासून कंटाळा आला. घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता कळलं?" आणि ते तिचं त्या आठवड्यातलं पहिलं बिनकामाचं वाक्य होतं.

मग ती म्हणाली, "आईच्या खोलीत अजून ऊन येतंय. त्याचा हात पट्टीत आहे. पडदा कोण लावणार?"

रविवारी काटासाहेब पाना, पट्टी आणि सपाटी बघायची पाण्याची नळी घेऊन सासुरवाडीला गेले. मेहुण्याने दार उघडलं. दोघांनी एकमेकांच्या कॉलरीकडे बघितलं आणि नजरा काढून घेतल्या.

"कांब वाकलीय थोडी," मेहुणा म्हणाला.

"दाखव."

काटासाहेब शिडीवर चढले. मेहुणा खाली उभा राहून एका हाताने कड्या देत राहिला. हे काम मेहुण्याच्या हातचा मळ, तरी त्याने तोंडातून शब्द काढला नाही. काटासाहेबांनी भोक चुकीच्या जागी पाडलं तेव्हाही तो गप्प होता. शेवटी काटासाहेबच शिडीवरून म्हणाले, "चुकलंय का?"

"थोडंसं."

"किती?"

"राहू द्या. पडद्यामागे जाईल."

काटासाहेबांनी ते राहू दिलं. त्यांना ओळखणाऱ्याला याचं महत्त्व कळेल. पडदा लागला आणि खोलीत गार अंधार झाला. सासूबाई पलंगावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं ज्याच्यावरून भांडलात, ते मला दाखवा एकदा."

"आई, फार लांब आहे," मेहुणा म्हणाला.

"मला कुठे जायचंय?"

सिनेमा तोवर घरच्या टीव्हीवर आला होता. बायकोही ड्यूटी संपवून तिथे आली. चौघं बैठकीत बसले, सासूबाई मधोमध. काटासाहेबांनी पाण्याचा ग्लाससुद्धा लांब ठेवला. म्हातारा पुलाच्या तोंडाशी आला, वारा सुटला, वाद्यं थांबली. शत्रूचा सेनापती छत्रीवाल्या शिष्येला पुलाच्या मधोमध घेऊन येतो आणि म्हणतो, वाट सोड नाहीतर ही गेली. शिष्या आपल्या गुरूकडे बघते. बोलत काहीच नाही, फक्त पाठीवर शालीत लपवलेलं तान्हं मूल सोडून त्याच्याकडे फेकते. म्हातारा मूल एका हातात झेलतो आणि दुसऱ्या हाताने पहिल्यांदा तलवार उपसतो. कोणावर चालवत नाही. पुलाचे दोर कापतो. पूल, सेनापती, सैन्याची पहिली रांग आणि त्याने मुलीसारखी वाढवलेली ती शिष्या, सगळं धुक्यात खाली जातं. त्यानंतर तो तलवार म्यानात ठेवायचा प्रयत्न करतो आणि त्याला म्यानाचं तोंड सापडत नाही.

मेहुणा रडत होता, ते ठरलेलंच. काटासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"एवढा जाड दोर एका घावात तुटत नाही," ते म्हणाले. पण वाक्याचा शेवट कोणाला नीट ऐकू गेला नाही. मेहुण्याने आपला रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला.

सिनेमा संपल्यावर सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सगळ्या जगाने मत दिलं होतं, त्यांचंच राहिलं होतं.

"माणसं चांगली होती," सासूबाई म्हणाल्या. "पण इतका वेळ चाललंय आणि जेवताना एकही दिसला नाही. अशाने चिडचिड होणारच."

घरी येऊन काटासाहेबांनी आपलं मत दुरुस्त केलं. प्रामाणिक माणूस तो. त्यांनी लिहिलं, ‘फेरतपासणी केली असता, शपथ मोडण्यास पुरेसे कारण असल्याचे निदर्शनास आले. प्रथम तपासणीच्या वेळी निरीक्षक जागेवर नव्हते. शस्त्रांच्या वजनाबाबतचा आक्षेप कायम. सबब साडेतीन तारे.’

त्यांची कल्पना होती की यावर कोणीतरी त्यांच्या प्रांजळपणाचं कौतुक करेल. झालं उलटंच. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं ते म्हणाले, हा विकला गेला. सिनेमाच्या चाहत्यांनी विचारलं, उरलेला दीड तारा कोणासाठी ठेवलाय? सिनेमा न पाहिलेल्या निःपक्षपाती गृहस्थांनी लिहिलं की सिनेमा पाहिल्यामुळे माणसाची दृष्टी कशी बिघडते याचं हे उदाहरण आहे. काटासाहेबांनी दोन दिवस उत्तरं दिली, तिसऱ्या दिवशी निम्म्याच लोकांना दिली आणि मग फोन टीव्हीवर ठेवून बायकोला भाजी निवडून देऊ लागले. तारे देणं काही सुटलं नाही. परवाच आमच्या इमारतीच्या जिन्याला त्यांनी तीन दिले. पण आता लिहिण्याआधी ते मला विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" आणि माझं उत्तर संपेपर्यंत थांबतात. या वयात माणूस याहून जास्त सुधारत नाही.

गेल्या महिन्यात ‘खिंडीतला पहारेकरी’ काढणाऱ्यांचाच दुसरा सिनेमा लागला. यात समुद्र आहे म्हणे, आणि लढाई गलबतांच्या शिडांवर. पुन्हा तिघंच गेले, पुन्हा दुपारचा खेळ. तिकिटं या वेळी बायकोने काढली होती आणि अट घातली होती की घरी पोहोचेपर्यंत दोघांनीही सिनेमाविषयी चकार शब्द काढायचा नाही. मी कोपऱ्यावरच्या दुकानात उभा होतो तेव्हा तिघं परत येताना दिसले. ती मध्ये चालत होती. दोन्ही बाजूंना ते दोघं, तोंडं गच्च मिटलेली, चेहरे लाल, जसं काही गरम बटाटा गालात धरून चाललेत. मेहुण्याने एकदा तोंड उघडलं. तिने मान वळवली.

"हवा छान आहे," तो म्हणाला.

काटासाहेबांनी आकाशाकडे बघून विचार केला. "ठीक आहे," ते म्हणाले, आणि तिघं पुढे गेले.